एनएसलुकअप : संवादी वापर

डोमेन नाव सर्व्हरला, म्हणजेच डीएनएस सर्व्हरला, थेट प्रश्न विचारून त्याचे उत्तर पडद्यावर दाखवणारे कमांड लाइनवरचे साधन म्हणजे एनएसलुकअप. एखाद्या नावामागचा आयपी पत्ता कोणता, त्या डोमेनची मेल कोणत्या यंत्राकडे जाते, त्याच्या नोंदींची जबाबदारी कोणत्या सर्व्हरांकडे आहे, हे त्यातून कळते. ते दोन प्रकारे चालते. नाव सोबत देऊन कमांड सोडली की एक उत्तर मिळते आणि काम संपते. नुसतेच ‘एनएसलुकअप’ टाइप करून एंटर दाबले, तर ‘>’ असा प्रॉम्प्ट येतो आणि बाहेर पडेपर्यंत सर्व्हरशी प्रश्नोत्तरे चालू ठेवता येतात. ही नोंद मुख्यतः या दुसऱ्या, संवादी प्रकाराची आहे. येथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतात.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते होस्ट्स.टीएक्सटी या एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय ही संस्था ती फाइल सांभाळी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही पद्धत झेपेनाशी झाली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ या इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांतून डीएनएसची मांडणी केली. १९८७ मध्ये त्यांची जागा आरएफसी १०३४ आणि १०३५ यांनी घेतली व आजची व्यवस्था त्यांच्याच पायावर उभी आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युनिक्ससाठी बाइंड हा नाव सर्व्हर तयार झाला. एनएसलुकअप त्याच घरातले. ते अँड्र्यू चेरेन्सन यांनी लिहिले. पुढे २००० मध्ये बाइंड ९ आले तेव्हा हे साधन मोडीत काढायचे ठरले होते. ते सुरू केले की ‘हे पुढे काढून टाकले जाईल, डिग किंवा होस्ट वापरा’ अशी सूचनाच येई (डिग आणि होस्ट ही त्याच कामाची दुसरी साधने). लोकांनी सूचना वाचली आणि वापर चालू ठेवला. २००४ मध्ये बाइंड ९.३ बरोबर तो निर्णय मागे घेतला गेला. विंडोजवर ते मुळातच बसवलेले असते, हेही त्याच्या टिकून राहण्याचे मोठे कारण मानले पाहिजे.

संवादी प्रकाराचे सगळे बळ एकाच गोष्टीत आहे: एकदा ठरवलेला सर्व्हर आणि एकदा ठरवलेला नोंदीचा प्रकार पुढच्या प्रत्येक प्रश्नाला लागू राहतो. त्यामुळे एकाच नावाची चौकशी चार सर्व्हरांकडे, किंवा एकाच सर्व्हरकडे दहा नावांची चौकशी, लांबलचक कमांड पुन्हा पुन्हा न लिहिता करता येते. फसगतही इथेच होते. मेलची नोंद पाहण्यासाठी ‘सेट टाइप=एमएक्स’ केले, काम झाले, आणि नंतर त्याच प्रॉम्प्टवर वेबसाइटचे नाव टाकले, की सर्व्हर त्या नावाचीही मेलची नोंदच शोधतो. ती नसली तर ‘नो आन्सर’ असे उत्तर येते आणि साइट गायब झाल्याचा समज होतो. काही विचित्र दिसले की आधी ‘सेट ऑल’ लिहावे. सध्याचा सर्व्हर, प्रकार, पोर्ट, थांबण्याची मुदत, सगळे समोर येते.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. वेबसाइट नव्या यंत्रावर हलवली आहे, पत्त्याची नोंद बदलली आहे, तरी काही जणांना जुनेच पान दिसते. प्रॉम्प्टवर क्रम असा लागतो:

> सेट टाइप=एनएस
> एक्झाम्पल.कॉम
> सर्व्हर (वरच्या उत्तरात आलेल्या सर्व्हरांपैकी एकाचे नाव)
> सेट टाइप=ए
> डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम

पहिल्या दोन ओळींनी त्या डोमेनचे अधिकृत, म्हणजे मूळ नोंदी सांभाळणारे, सर्व्हर कोणते ते कळते. तिसरी ओळ यापुढचे प्रश्न थेट अधिकृत सर्व्हरकडे वळवते. शेवटच्या दोन ओळींनी मिळणारे उत्तर मूळ नोंदीतले असते. हेच नाव आपल्या नेहमीच्या सर्व्हरला विचारले असते तर उत्तराच्या डोक्यावर ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ अशी ओळ दिसली असती. ही ओळ पाहून पुष्कळ जण दचकतात, पण तो दोष नव्हे. उत्तर देणाऱ्या सर्व्हरकडे मूळ नोंद नाही, त्याने ती दुसरीकडून आणली किंवा आपल्या साठ्यातून दिली, एवढेच ती सांगते.

साठा किती जुना आहे हे पाहायचे असेल तर ‘सेट डीबग’ करावे. मग प्रत्येक उत्तरासोबत टीटीएल, म्हणजे नोंद आणखी किती सेकंद साठ्यात राहील तो आकडा, छापला जातो. अधिकृत सर्व्हरला कितीही वेळा विचारा, आकडा ३६०० असेल तर ३६००च राहतो. साठवणाऱ्या सर्व्हरला विचारले तर तो उतरत जातो: ३४१२, थोड्या वेळाने ३३८०, आणि शून्यावर आला की सर्व्हर नवी नोंद आणतो. ‘डीएनएस पसरायला वेळ लागतो’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते बहुतेक वेळा हे आकडे उतरण्याची वाट पाहणे असते. पसरत काहीच नाही; जुन्या प्रती मुदत संपून गळून पडतात. नोंद बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल कमी करून ठेवण्याची पद्धत यातूनच आली.

नोंदींच्या प्रकारांपैकी रोजच्या कामात थोडेच लागतात. ए आयपीव्ही४ पत्त्यासाठी, एएएए आयपीव्ही६ पत्त्यासाठी, सीनेम टोपणनावासाठी, टीएक्सटी मजकुरासाठी. मेल योग्य सर्व्हरकडून आली का हे पाहणाऱ्या एसपीएफ तपासणीची नोंद या शेवटच्या प्रकारात असते. एसओए नोंदीत झोनचा, म्हणजे एकत्र सांभाळलेल्या नोंदींच्या संचाचा, अनुक्रमांक असतो. दोन अधिकृत सर्व्हरांवर तो वेगळा दिसला, तर त्यातल्या एकापर्यंत बदल पोहोचलेला नाही हे लगेच कळते, आणि ही तपासणी या साधनाने फार सोयीने होते. एमएक्सच्या उत्तरात प्राधान्याचा आकडा आणि मेल सर्व्हरचे नाव येते. लहान आकड्याला आधी संधी. नावाच्या जागी नुसते टिंब आणि आकडा शून्य असेल तर ते डोमेन मेल घेतच नाही, असे आरएफसी ७५०५ सांगते. पूर्वी ‘सेट टाइप=एनी’ लिहून सगळे एकदम मागवायची सवय होती. त्यावर आता विसंबू नये. २०१९ च्या आरएफसी ८४८२ ने अशा प्रश्नाला अगदी त्रोटक उत्तर देण्याची सर्व्हरांना मुभा दिली आहे आणि अनेक सर्व्हर ती घेतात.

उलटा शोध, म्हणजे पत्त्यावरून नाव, यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. प्रॉम्प्टवर आयपी पत्ता टाकला की साधन स्वतःच तो उलटा मांडून इन-अ‍ॅडर.आर्पा खाली पीटीआर नोंद शोधते. विंडोजमध्ये सुरुवातीलाच ‘सर्व्हर: अननोन’ असे दिसते त्याचा उगम इथे आहे: साधन ज्या सर्व्हरला विचारणार आहे त्याच्याच पत्त्याचा उलटा शोध घेते, आणि नाव सापडले नाही तर हे लिहिते. पुढची उत्तरे त्याने बिघडत नाहीत. फार जुन्या आवृत्त्या मात्र एवढ्यावरूनच अडून बसत आणि बंद पडत. या साधनाची बदनामी झाली ती अशा गोष्टींनी.

सर्व्हर बदलण्याच्या कमांड दोन आहेत, ‘सर्व्हर’ आणि ‘एलसर्व्हर’. नव्या सर्व्हरचे नाव सोडवण्यासाठी पहिली सध्याच्या सर्व्हरची मदत घेते, तर दुसरी सुरुवातीच्या सर्व्हरची. उत्तरच न देणाऱ्या सर्व्हरकडे आपण वळलो असलो तर परतीची वाट दुसरीतून मिळते. सर्व्हरचा आयपी पत्ता ठाऊक असेल तर हा प्रश्नच उरत नाही. ‘सेट नोरिकर्स’ केले तर सर्व्हरने आपल्या वतीने पुढे शोधू नये असे सांगितले जाते. हे करून डीएनएसच्या शिखरावरच्या मूळ (रूट) सर्व्हरांपैकी एकाला, ए ते एम अशी त्यांची तेरा नावे आहेत, एखादे डॉट कॉम नाव विचारून पाहावे. तो पत्ता देत नाही, डॉट कॉम सांभाळणाऱ्या सर्व्हरांची यादी देतो. त्यातल्या एकाला विचारले की तो त्या डोमेनच्या सर्व्हरांकडे बोट दाखवतो. डीएनएसची उतरंड शिकायला याहून चांगला धडा नाही. ‘सेट व्हीसी’ने प्रश्न नेहमीच्या यूडीपीऐवजी टीसीपी या दुसऱ्या वहनपद्धतीने जातो, फायरवॉल ५३ क्रमांकाचे पोर्ट फक्त यूडीपीलाच उघडे ठेवते अशी शंका असेल तेव्हा ते कामी येते. संपूर्ण झोनची यादी मागणारी ‘एलएस’ ही कमांड विंडोजमध्ये आहे, पण व्यवस्थित राखलेला सर्व्हर ती अनोळखी माणसाला नाकारतोच. बाहेर पडायला ‘एक्झिट’.

नकारार्थी उत्तरे नीट वाचली पाहिजेत. एनएक्सडोमेन म्हणजे ते नावच अस्तित्वात नाही. नो आन्सर म्हणजे नाव आहे, मागितलेल्या प्रकारची नोंद नाही. रिफ्यूज्ड म्हणजे सर्व्हर आहे, पण आपल्याला उत्तर देणे त्याला मान्य नाही. सर्व्हफेल सर्वांत संदिग्ध. अधिकृत सर्व्हर गाठता आले नाहीत किंवा नोंद खरी असल्याची खात्री देणारी डीएनएससेकची सही जुळली नाही, दोन्हींसाठी तेच येते. अशा वेळी डिग हाताशी घ्यावे, कारण सह्या आणि संदेशातले ध्वज ते जसेच्या तसे दाखवते. एनएक्सडोमेन अनपेक्षितपणे आले तर नावाच्या शेवटी टिंब देऊन पाहावे. टिंब नसेल तर साधन कार्यालयाच्या नेटवर्कचे प्रत्यय नावाला जोडून शोधू शकते, आणि त्या प्रत्ययाखाली कोणतेही नाव चालवून घेणारी नोंद असेल तर भलताच पत्ता हाती येतो.

एनएसलुकअपचे उत्तर आणि ब्राउझरचा अनुभव जुळत नाही, ही तक्रार वारंवार येते. कारण हे साधन यंत्रणेच्या नाव शोधण्याच्या सेवेला विचारत नाही. प्रश्नाचा संदेश स्वतः तयार करून सर्व्हरकडे पाठवते. यंत्रावरच्या होस्ट्स फाइलमधली (नावे-पत्त्यांच्या स्थानिक यादीतली) ओळ, यंत्राने जपून ठेवलेली जुनी उत्तरे, यांकडे ते पाहतच नाही. त्यात ब्राउझर एचटीटीपीएसवरून डीएनएस वापरत असेल, म्हणजे २०१८ च्या आरएफसी ८४८४ मधली पद्धत, तर त्याचा सर्व्हरच वेगळा असतो. म्हणून पिंगला, म्हणजे यंत्र उत्तर देते का ते पाहणाऱ्या कमांडला, एक पत्ता आणि एनएसलुकअपला दुसरा दिसला तर आधी होस्ट्स फाइल उघडून पाहावी. यंत्र स्वतः कोणता पत्ता वापरेल हे हवे असेल, तर विंडोजवर पॉवरशेलमधील ‘रिझॉल्व्ह-डीएनएसनेम’ आणि लिनक्सवर ‘गेटेंट होस्ट्स’ जास्त उपयोगी.