इरलं पांघरलेली अळी

गुहागरला मावशीच्या अंगणात एक जुनी मोरपंखी आहे. शाळेत असताना हिचंच पान आम्ही 'विद्या' म्हणून पुस्तकात ठेवायचो. (मार्कांत फरक पडल्याचं आठवत नाही.) गेल्या दिवाळीत गेलो तर झाडाची एक बाजू तांबूस पडलेली, आणि फांद्यांना दीड-दोन इंचांच्या सुकलेल्या मोळ्या लोंबत होत्या.

"अरे, बोंडं आहेत ती. सुकली की पडतील," मावशी म्हणाली.

"मावशी, तुझं एक बोंड चालतंय बघ."

खरंच चालत होतं. मोळीच्या वरच्या तोंडातून काळपट डोकं आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर आल्या, फांदी धरली, आणि बाकीचं घर मागून ओढत नेलं. बोट लावलं तशी अळी आत गेली आणि तोंड आतून आवळून घेतलं. घर ओढून बघा, सहज निघत नाही. आतून पकड घट्ट असते.

हा एका पतंगाचा सुरवंट. इंग्रजीत याला बॅगवर्म म्हणतात; जपानी नाव जास्त नेमकं आहे, मिनोमुशी. 'मिनो' म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याचं गवताचं इरलं आणि 'मुशी' म्हणजे किडा. लावणीला इरलं घेऊन वाकलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी आधी स्वतःभोवती रेशीम विणते आणि त्यावर पानांचे, सालीचे कण डकवते. पुढे ती वाढेल तसं घर वाढवते. काडी दातांनी कुरतडून तोडायची, रेशमाने चिकटवायची, आतून नवं अस्तर लावायचं. कात टाकायची वेळ आली की घर फांदीला बांधून तोंड बंद करते आणि आतच कात टाकते. घराला खालीही एक तोंड असतं; विष्ठा तिथून बाहेर. जपानात मुलं अळीला घरातून काढून रंगीत कागदाचे कपटे देतात आणि ती बिचारी रंगीबेरंगी इरलं शिवून घेते. मिळेल ते सामान वापरायचं, एवढंच तिला ठाऊक.

पुरेसं खाऊन झालं की ती घर रेशमाच्या पट्ट्याने फांदीला कायमचं बांधते, आत उलटी फिरून डोकं खाली करते आणि कोष होते. इथून नर-मादीच्या वाटा वेगळ्या. नर पंख घेऊन खालच्या तोंडातून बाहेर येतो. जाताना कोषाचं रिकामं टरफल तिथेच अर्धं बाहेर लटकत राहतं. मावशीच्या झाडावर अशी टरफलं मोजत बसलो होतो, कारण नराचं घर ओळखायची तीच खूण. नराच्या मिशा पिसासारख्या, तोंड नावापुरतं, आयुष्य थोड्या दिवसांचं.

मादीला पंखच नसतात. पायही जवळजवळ नाहीत. ती पतंग झाली तरी अळीसारखीच दिसते आणि घर सोडत नाही. कोषातूनच गंध सोडते. नर त्या वासावर येतो, घराला लटकतो आणि पोटाचं टोक दुर्बिणीच्या नळीसारखं लांबवून खालच्या तोंडातून आत घालतो. मादी डोकं खाली करून बसलेली, म्हणजे त्याला तिच्या अंगाच्या बाजूने थेट वरपर्यंत पोचावं लागतं. मग ती आपल्याच कोषाच्या टरफलात अंडी घालते आणि मरते. अमेरिकेत मोरपंखीच्या भाईबंदांवर राहणाऱ्या जातीत एका मादीची अंडी पाचशे ते हजार भरतात.

मग उडू न शकणाऱ्या आईची पोरं दुसऱ्या झाडावर जातात कशी? उडतात, तीही बिनपंखांची. नवजात अळी रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडते, धागा ताणला की त्यासकट निघते आणि जिथे अडकेल तिथे उतरते. बरीचशी मात्र जन्मल्या झाडावरच राहतात. म्हणून एक मोरपंखी बोडकी आणि कुंपणापलीकडची हिरवीगार, असं दिसतं.

गुहागरच्या पुळणीवर सुरूचं बन आहे. सुरूलाही भारतात एक बॅगवर्म लागते, युमेटा क्रॅमेरी. ती बाभळीवरही असते. सुरूवरची घरं सुरूच्याच काड्यांची, त्यामुळे डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. सुरू दिसतो पाइनच्या जातीचा, पण तो फुलझाड आहे. भारतात याची लागवड 1868 साली कारवारला सुरू झाली असं सांगतात. त्याची 'सुई' म्हणजे पेरापेरांची हिरवी काडी. पानं म्हणजे प्रत्येक पेरावरचे बारीक दाते. काडी पेरावर उपटून पुन्हा जोडायची आणि कुठे तोडली ते ओळखायचं, हा आमचा तिथला खेळ.

मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी, आणि तिचं दुखणं मोठं. पानं गेलेल्या जुन्या लाकडातून तिला सहसा नवी फूट येत नाही. आंबा-चिंच पुन्हा पालवते. मोरपंखीची खाल्लेली फांदी गेलीच. त्यात घर बांधलेला रेशमाचा पट्टा फांदी जाड होताना तिला आवळतो. तो पट्टा मी नखाने तोडू शकलो नाही, कात्री लागली. 2018 साली जपानी संशोधकांनी जाहीर केलं होतं की या अळीचं रेशीम कोळ्याच्या धाग्यापेक्षाही मजबूत आहे. त्या कात्रीनंतर मला ते पटलं.

मावशीला औषध मारायचं होतं. अळी इरल्यात बसलेली असताना फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून आम्ही बादली घेतली, साबणाचं पाणी केलं आणि घरं कापून आत टाकली. टरफल लटकलेली सोडून दिली, ती रिकामीच होती. बाकीच्यांतल्या एखाद्यात अंडी असतील म्हणून एकही शिल्लक ठेवलं नाही. बादलीत त्रेसष्ट भरली. मावशीने त्यातलं एक वाळवून फळीवर ठेवलंय, आल्या-गेल्याला "हे बोंड ओळखा" म्हणून विचारायला.