पेशीमुक्त साचा आणि पेशीमुक्त बायोइंक

प्राण्याच्या अवयवातील पेशी धुऊन काढल्या की मागे उरते ते पेशीबाह्य आधारद्रव्य, म्हणजे कोलॅजेन, इलॅस्टिन, लॅमिनिन आणि शर्करायुक्त रेणूंचे दाट जाळे. हे जाळे अखंड ठेवून वापरले तर तो साचा होतो. दळून, पचवून जेल केले तर त्याची बायोइंक, म्हणजे त्रिमितीय छपाईत पेशींसह छापायची शाई, होते. दोन्हींच्या वर्णनात ‘पेशीमुक्त’ हा शब्द असल्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याला सहज चिकटवले जातात, आणि ऊती अभियांत्रिकीविषयीच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ऊती घडवण्याविषयीच्या, लेखनात हा गोंधळ खरोखर नुकसान करतो.

साच्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण 2008 सालचे आहे. मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधून सोडियम डोडेसिल सल्फेट हे डिटर्जंट वाहवून पेशी काढण्यात आल्या. उरलेल्या फिकट, पारदर्शक हृदयात झडपा, कप्पे आणि रक्तवाहिन्यांचे मार्ग शाबूत होते. त्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी सोडल्यावर चौथ्या दिवशी ते आकुंचन पावू लागले आणि आठव्या दिवशी पंपासारखे काम करू लागले, मात्र त्याची क्षमता प्रौढ हृदयाच्या सुमारे 2 टक्केच होती. साच्याचे बळ त्याच्या रचनेत असते, आणि अडचणही तिथेच असते, कारण दाट जाळ्याच्या आत खोलवर नव्या पेशी सारख्या प्रमाणात पोहोचवणे फार कठीण जाते.

बायोइंक करताना ही रचना जाणूनबुजून मोडली जाते. पेशीमुक्त ऊती गोठवून वाळवतात, तिची भुकटी करतात आणि आम्लात पेप्सिन हे पाचक विकर घालून दोन-तीन दिवस ढवळतात. पेप्सिन कोलॅजेनच्या टोकांकडचे सैल भाग कापते, पण मधली तिपेडी वीण तशीच राहते, आणि पुढचे सगळे या विणीवरच अवलंबून असते. द्रावण थंड ठेवून त्याचा सामू साधारण 7.4 वर आणला, त्यात पेशी मिसळल्या आणि मग तापमान 37 अंश सेल्सियसवर नेले, की रेणू आपोआप एकत्र येऊन पुन्हा तंतू बनतात व जेल तयार होते. जिलेटिनमध्ये ही वीण उकलून गेलेली असते, म्हणून ते उलट वागते: थंडीत गोठते आणि शरीराच्या तापमानाला वितळते. कोलॅजेनची बायोइंक गरम होऊ दिली तर ती छपाईच्या सुईतच घट्ट होऊन बसते, हे हाताळणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

2014 मध्ये दक्षिण कोरियातील पोस्टेक विद्यापीठात डोंग-वू चो यांच्या गटाने चरबी, कूर्चा आणि हृदय यांच्या आधारद्रव्यापासून अशी बायोइंक करून पेशींसह छापली. त्यात फल्गुनी पती हे भारतीय संशोधकही होते. चरबी व कूर्चेच्या नमुन्यांना मात्र पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकचा सांगाडा द्यावा लागला, कारण नुसते जेल स्वतःचा भार पेलत नाही. म्हणून ‘हृदयाची बायोइंक’ म्हटले तरी त्यात हृदयाचा आकार नसतो, त्याच्या रेणूंचे मिश्रण असते. आकार छपाईतून येतो, आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे अजून छपाईतून येत नाही.

पेशी खरोखर निघाल्या का, याची कसोटी दोघांना एकच लावतात: कोरड्या वजनाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे दुपदरी डीएनए 50 नॅनोग्रॅमहून कमी असावा आणि उरलेले तुकडे 200 बेस जोड्यांहून (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांहून) लहान असावेत. डिटर्जंटचा अंश मात्र बायोइंकमध्ये अधिक चिंतेचा वाटतो, कारण पेशी तिच्यात सुरुवातीपासूनच मिसळलेल्या असतात. निर्जंतुकीकरणातही वाटा वेगळ्या होतात. साच्यावर गॅमा किरणांचा मारा करता येतो. बायोइंकवर केला तर कोलॅजेनच्या साखळ्या तुटून जेल होण्याची क्षमता घटू शकते, आणि तयार जेल इतके दाट असते की जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून ते जात नाही. म्हणून शक्य तितके निर्जंतुकीकरण पचनाआधीच उरकून पुढचे सगळे काम निर्जंतुक वातावरणात करणे मला अधिक सुरक्षित वाटते.