रिक्त टॅग (एक्सएमएल)

रिक्त टॅग : ज्या घटकाच्या पोटात मजकूर वा उपघटक काहीच नाही, तो एक्सएमएलमध्ये (टॅग म्हणजे कोनी कंसांतील खुणा वापरून माहितीची रचना दाखवणाऱ्या भाषेत) दोन तऱ्हांनी लिहितात: <पकड></पकड> किंवा <पकड/>. दुसरे रूप म्हणजे रिक्त टॅग. एक्सएमएल १.० ची शिफारस (भाषेचे नियम सांगणारा अधिकृत दस्तऐवज) १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या व्याकरणातील ४४ वा नियम असा: '<', लगेच नाव, मग असल्यास गुणधर्म, ऐच्छिक मोकळी जागा आणि शेवटी '/>'. '/' आणि '>' यांत जागा सोडता येत नाही.

तिरप्या रेघेच्या उगमाचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. एक्सएमएल जिच्यातून निघाली त्या एसजीएमएलमध्ये (आयएसओ ८८७९, १९८६) '/' हे टॅग आखूड करण्याचे चिन्ह होते. त्या जुन्या नियमाने <पकड/> वाचले, तर टॅग रेघेपाशीच संपतो आणि '>' मजकुरात सांडतो. १९९७ च्या सुमारास एसजीएमएलला जोडलेल्या परिशिष्टाने टॅग आखूड करणारे चिन्ह आणि घटक संपवणारे चिन्ह स्वतंत्रपणे ठरवण्याची सोय केली आणि दोन्ही वाचने जुळली. म्हणून काही जण रिक्त टॅगला जुन्या आखूड रूपाचाच वंशज मानतात. एक्सएमएलचे व्याकरण मात्र '/>' ही एकसंध खूण धरते. अर्थ लावताना तेच प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक. '/>' केवळ 'एम्प्टी' (नेहमी रिकामाच राहणारा) म्हणून घोषित घटकांसाठीच वापरावे, हे शिफारशीतील वाक्यही त्या परिशिष्टापूर्वीच्या एसजीएमएल प्रणालींसाठी केलेली सूचना आहे, बंधन नव्हे.

आशयाच्या ४३ व्या नियमात प्रत्येक भाग ऐच्छिक असल्याने 'काहीच नाही' हाही आशय ठरतो, आणि दोन्ही रूपे समान होतात. प्रमाणरूप एक्सएमएल (एकाच आशयाचे दस्तऐवज एकाच ठरावीक रूपात लिहिण्याची पद्धत, २००१) रिक्त टॅगची जोडी करूनच लिहिते. 'एम्प्टी' घोषित घटकात मात्र एखादी टिप्पणी किंवा नुसती नवी ओळ आली, तरी दस्तऐवज अवैध होतो.

अर्थाबाबत व्याकरण गप्प आहे. समजा, हर्णै बंदरात उतरणाऱ्या मासळीची होडीवार नोंद ठेवायची आहे. <सुरमई/> म्हणजे सुरमई लागली नाही, की वजन करायचे राहिले? १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होडी शाकारलेली असते, तेव्हा काय लिहायचे? हा भेद आराखड्यातच ठरवावा लागतो. एक्सएमएल स्कीमात (असा आराखडा लिहिण्याच्या भाषेत) दशांश संख्येच्या घटकाला रिक्त मजकूर चालत नाही. त्यासाठी 'निल' (मूल्य नाही असे सांगणारा) गुणधर्म आहे, पण घटकाच्या घोषणेत तशी मुभा हवी. शून्य लिहायचे तर इंग्रजी अंकातच (0). देवनागरी ० तेथे अवैध.

टॅगचे नाव देवनागरीत चालते. <दर्या/> (समुद्र) निर्वेध. <दऱ्या/> मधील अर्धा र मात्र 'ऱ' ने न लिहिता अदृश्य जोडचिन्हाने लिहिला असेल, तर एक्सएमएल १.० च्या पहिल्या चार आवृत्त्यांत ते नाव चुकीचे ठरते. पाचव्या आवृत्तीने (२००८) ते चिन्ह नावात मान्य केले.