जिभेला वळण: मक्तबापासून कॉलेजपर्यंत

मुंब्रा-कौसा, भिवंडी, पनवेल या पट्ट्यातल्या कॉलेजांत येणारी बरीच मुस्लिम मुलं लहानपणी मक्तबात, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेत, जाऊन आलेली असतात. आधी सलाम करावा, वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवू नये, हे तिथे अंगवळणी पडतं. कॉलेजात मात्र हेच 'सॉफ्ट स्किल्स' म्हणून नव्याने शिकवतात, तेही इंटरव्ह्यूपुरतं. मधला धागा तुटतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो फार जुना आहे.

कुराणात बोलण्याविषयी थेट आज्ञा आहेत. त्यात लुकमान हे ज्ञानी पुरुष आपल्या मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतात. सूरह (अध्याय) हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावं ठेवायला मनाई आहे. हॉस्टेलात राहिलेल्याला या मनाईचं मोल वेगळं सांगायला नको. बोलायचं तर चांगलं बोलावं, नाहीतर गप्प राहावं, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. 1111 साली वारलेल्या धर्मपंडित इमाम गझालींनी तर 'इह्या' या ग्रंथात जिभेपायी होणाऱ्या अनर्थांवर अख्खं प्रकरण लिहिलं: निंदा, चहाडी, टवाळी, तोंडदेखली स्तुती, हट्टाने घातलेला वाद.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सूरह ताहामधला प्रसंग. फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे पाठवताना मूसा आणि हारून या पैगंबरांना अल्लाहची आज्ञा होते, त्याच्याशी सौम्यपणे बोला. मग गाडी चुकल्याने उशिरा आलेल्या मुलीला वर्गासमोर टोचून बोलायची मुभा प्राध्यापकाला कुठून मिळते? 'सर, मार्क का कापले?' असं न विचारता 'सर, माझं कुठे चुकलं ते सांगाल का?' असं विचारायला मुलांनी शिकावंच, पण सुरुवात शिक्षकांपासून व्हावी.

आपल्याकडे शिक्षणसुधारक सर सय्यद अहमद खान यांनी 1870 मध्ये 'तहजीबुल अखलाक' (आचरणाला वळण) या नावाचंच नियतकालिक काढलं. 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. तिचा काळसेकर टेक्निकल कॅम्पस आज नवीन पनवेलला आहे.

इंडोनेशियाने 2012 च्या कायद्याने उच्च शिक्षणात धर्म आणि राष्ट्रभाषा हे दोन्ही विषय सक्तीचे केले, त्यामुळे तिथे अशा शिकवणीला अभ्यासक्रमातच जागा आहे. आपल्या संविधानाचा अनुच्छेद 30 अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवायचा हक्क देतो, पण अनुच्छेद 28 प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. म्हणून इथे कॉलेजात अशा बोलण्याच्या अदबीचा तास ठेवायचा तर तो ऐच्छिकच ठेवावा लागेल, आणि त्याच बाकांवर इतर धर्मांची मुलंही बसतात हे धरून आखावा लागेल.