जगदंबा तलवार : ‘भेट’ या शब्दाची पार्श्वभूमी

छत्रपती शिवाजी महाराजांची मानल्या जाणाऱ्या, ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील जगदंबा तलवारीचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय घडणीचे असून त्यावर येशूच्या नामाची ‘आय एच एस’ ही अक्षरे तीनदा कोरलेली आहेत. मुठीत हिरे-माणके जडवलेली आहेत. अशा तलवारीला मराठी दफ्तरात ‘फिरंग’ म्हणत. परमुलखातले पाते देवीच्या नावाने ओळखले जाण्यात कोणाला विसंगती वाटली नाही, कारण खंडेनवमीला पुजले गेलेले शस्त्र घरच्या दैवताचेच होई.

ही तलवार ‘भेट’ दिली गेली, असे इंग्रजी नोंदी सांगतात, आणि खरा प्रश्न या शब्दाचाच आहे. १८७५ च्या नोव्हेंबरात ती स्वीकारणारे ब्रिटिश युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईत उतरले, तेव्हा ती देणारे कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज अवघे बारा वर्षांचे होते. आधीचे महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्स येथे वारल्यावर ते दत्तक आले होते आणि संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. नजराण्याच्या बदल्यात परतभेट देण्याचा रिवाज पाळला गेला, हे खरे. परंतु ज्याला स्वतःच्या राज्यात हुकूम काढण्याचा अधिकार नव्हता, त्या मुलाने थोरल्या शिवाजी महाराजांची म्हणून जपलेली तलवार स्वेच्छेने दिली, असे मानणे कठीण आहे. पुढे याच महाराजांच्या छळाविषयी लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये पुण्याच्या दोन तरुण संपादकांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले, आणि १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत महाराजांचा अंत झाला.

१९८० नंतर राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ही तलवार परत मागितली, ती मात्र ‘भवानी’ म्हणून. भवानी साताऱ्याच्या राजघराण्याकडेच आहे, असा प्रतिवाद लगेच झाला. लंडनची तलवार कोल्हापूरच्या शिलेखान्यातील, म्हणजे शस्त्रागारातील, जगदंबा आहे, असे अभ्यासकांनी मांडले, आणि तलवार कोणत्या परिस्थितीत गेली हा मूळ मुद्दा नावाच्या वादात मागे पडला.

त्यानंतर २०२४ च्या जुलैमध्ये शिवाजी महाराजांची मानली जाणारी वाघनखे लंडनहून तीन वर्षांच्या मुदतीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची, पात्यावर ‘फिरंग’ हाच शब्द कोरलेली तलवार राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली. एक वस्तू उसनी आली, दुसरी विकत घ्यावी लागली; जगदंबा अद्याप लंडनलाच आहे, आणि तिच्या नोंदीत ‘भेट’ हा शब्द कायम आहे.