बाळाचा घास: घट्ट शिजवा, मोडाच्या पिठानं सैल करा

सहा महिने पूर्ण झाले की अंगावरचं दूध सुरू ठेवून बाळाला वरचं खाणं द्यायचं. बहुतेक घरांत सुरुवात होते ती वरणाच्या वरच्या पाण्यानं. त्या पाण्यात डाळ जवळजवळ नसतेच, ती तळाशी बसते. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात आणि त्याच्या पोटात एका वेळी मावतं किलोमागे ३० मिलीच्या आसपास. एक मोठा चमचा पिठाच्या पातळ पेजेत ३० कॅलरीही नसतात. पोट भरतं, वजन मात्र वाढत नाही.

पीठ वाढवलं की लापशीचा गोळा होतो आणि बाळ जिभेनं तो बाहेर ढकलतं. धान्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, म्हणून असं होतं. यावर उपाय किराणा दुकानातच आहे: साधा गहू. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं आणि लापशी पाणी न घालता सैल होते.

एक वाटी गहू १२ तास भिजवा, निथळून ओल्या कापडात दीड-दोन दिवस बांधून ठेवा. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा धुवा, नाहीतर आंबूस वास येतो. मोड दाण्याएवढे झाले की उन्हात कडक वाळवा, मंद आचेवर हलकेच गरम करा, मोड चोळून काढा आणि मिक्सरमध्ये दळा. लाल होईपर्यंत भाजलं तर विकर मरतं. ज्वारीला मात्र मोड आणू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. बाळाच्या बाबतीत ती जोखीम घेऊच नये.

रोजचं पीठ वेगळं. भंडारा-गोंदियाकडे तांदूळ, अमरावती-यवतमाळकडे ज्वारी: तीन वाट्या धान्याला एक वाटी मूगडाळ. निवडून, धुऊन, वाळवून खमंग भाजा. चक्कीवर देताना आधी मिरची दळली नाही ना, हे विचारा. डाळ नक्की कोणती आहे तेही पाहून घ्या. लाखोळी (खेसरी) डाळ बाळाला नको. तिच्यातलं विष मज्जातंतूंना इजा करतं आणि तिची भेसळ तूरडाळीत नि बेसनात होते. मूगडाळ दिसायला वेगळी, म्हणून तीच बरी.

आता लापशी. २५ ग्रॅम पीठ (तीन मोठे चमचे) १५० मिली पाण्यात, गुठळी न होऊ देता पूर्ण शिजवा. खाली उतरवून तीन-चार मिनिटं थांबा. मग मोडाचं पीठ एक लहान चमचा घालून दोन-तीन मिनिटं ढवळत राहा. चमच्याला चिकटलेला गोळा डोळ्यांदेखत ओघळू लागतो. उकळत्यात घातलं तर विकर लगेच मरतं, लापशी तशीच राहते. बहुतेकांचं इथंच बिनसतं. सैल झाल्यावर पुन्हा एक उकळी द्या, कारण मोडांवर जंतू वाढलेले असू शकतात. साखळ्या आधीच तुटलेल्या असल्यामुळे ती परत घट्ट होत नाही. वरून एक लहान चमचा तेल किंवा तूप. एवढ्यात सुमारे १४० कॅलरी होतात. चमचा तिरपा केल्यावर लापशी हळूच घसरावी, पाण्यासारखी वाहू नये.

आठवडी बाजारातलं कोहळं (लाल भोपळा) वाफवून कुस्करून यात मिसळा. त्यातलं केशरी कॅरोटीन अंगी लागायला तेल-तूप लागतंच. सहा महिन्यांनंतर बाळाच्या शरीरातला लोहाचा साठा संपत येतो. डाळीतलं लोह शोषलं जावं म्हणून लापशी कोमट झाल्यावर लिंबाचे चार थेंब, नाहीतर मोसमात संत्र्याचा रस चमचाभर. चहात बुडवलेलं बिस्कीट याच्या उलट काम करतं: चहातलं टॅनिन लोह अडवतं. पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून देता आलं तर फारच चांगलं. शेंगदाणा बारीक कूट करूनच द्या, अख्खा दाणा घशात अडकतो. आणि बुरशीचा वास आला तर तो फेकून द्या. पहिल्या वर्षात मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला लकवा होऊ शकतो.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीनदा. नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस तोच. शिजवलेलं वैशाखातल्या उन्हाळ्यात तासाभरात संपवा. भातातले काही जंतू शिजवूनही टिकतात, उष्णतेत झपाट्यानं वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. कोरडं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस टिकतं, पावसाळ्यात आठच दिवसांचं करा.