देशमुख, गणपतराव (सांगोल्याचे आबा)

महाराष्ट्रातले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) नेते, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेले आमदार. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. जन्मसालाबद्दल १९२६ आणि १९२७ असे दोन आकडे फिरतात, पण ३० जुलै २०२१ ला सोलापुरात वारले तेव्हा बहुतेक बातम्यांत वय ९४ दिलंय आणि ते १० ऑगस्ट १९२६ या तारखेशी बरोबर जुळतं, म्हणून १९२६ च धरलेलं बरं. शिक्षण कायद्याचं, सुरुवातीला वकिली. पक्षात 'भाई', तालुक्यात 'आबा'.

पहिल्यांदा आमदार झाले १९६२ ला, मग १९६७. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि मग १९७८, ८०, ८५, ९० असे सलग. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी हरवलं, तेही फक्त १९२ मतांनी, म्हणजे दोन वाड्यावस्त्यांवरची मतं इकडची तिकडं झाली असती तरी निकाल फिरला असता. पुढे १९९९, २००४, २००९, २०१४. (हे शहाजीबापू म्हणजे २०२२ मधले 'काय झाडी, काय डोंगार'वाले. बाहेरच्यांना सांगोला तेव्हा कळलं, ते सोडा.)

आता विक्रमाचं. 'एकाच मतदारसंघातून सगळ्यात जास्त वेळा निवडून आलेले देशातले आमदार' असं सगळीकडे छापलेलं असतं, व्हॉट्सॲपवर तर असतंच, पण ते जपून घ्यावं लागतं. बातम्यांत तुलना तामिळनाडूच्या करुणानिधींशी करतात, ते १३ वेळा निवडून आले हे खरं, पण मतदारसंघ बदलत बदलत. एकाच जागेचा मुद्दा असेल तर केरळात पाला मतदारसंघातून के. एम. माणी १९६५ ते २०१६ मध्ये १३ वेळा जिंकलेत. १९६५ ची केरळ विधानसभा कधी भरलीच नाही म्हणून ती निवडणूक वगळायची असं कुणी म्हटलं तरी १२ उरतात, आणि केरळातल्याच पुथुपल्लीतून ओमन चंडीही १२ वेळा. तेव्हा 'देशात' हा शब्द काढून 'महाराष्ट्रात' म्हटलं की भांडण मिटतं.

तसंच वर्षांचं. आमदारकी ५४-५५ वर्षांची होती असं लिहितात. बेरीज करून बघा: १९६२ ते ७२ ची दहा, १९७४ ते ९५ ची साधारण वीस-एकवीस (त्यात १९८० ला विधानसभा बरखास्त होती ते महिने गेले), १९९९ ते २०१९ ची वीस. पन्नासच्या आसपासच येतं. ५४-५५ हा आकडा बहुधा पहिल्या आणि शेवटच्या सालातलं अंतर धरून, मधल्या दोन पराभवांची वर्षं नीट न वजा करता आलेला दिसतो.

१९७७-७८ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. मंत्री दोनदा: १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात, २००२ ला शेकापने पाठिंबा काढला तेव्हा तेही संपलं. एवढ्या लांब कारकिर्दीच्या मानाने सत्तेतली वर्षं अगदीच थोडी.

सांगोला म्हणजे माणदेशाचा पट्टा, पाऊस बेभरवशाचा. इथलं राजकारण पाण्याभोवतीच फिरतं. आटपाडीला १९९० च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर या चळवळीतल्या नेत्यांसोबत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरायच्या त्यातही आबा पुढे, कृष्णेचं पाणी टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांतून वर आणा ही मागणी तिथली. तालुक्यात कापूस नावालाच, तरी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली, शिवाय बायकांची वेगळी. सहकारवाल्यांना याचंच नवल जास्त.

एसटीत एका खिडकीशेजारी आमदारांसाठी राखीव अशी सीट असते, तिथं आमदार बसलेला आपण कधी बघत नाही. आबा मात्र एसटीनेच फिरायचे, हे त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं जातं.

२०१९ ला वयामुळे उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, समोर पुन्हा शहाजीबापूच. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा शेकापकडे परत आणली.